चुलत पणजोबा अमेरिकेच्या फौजेत होते का? ड्राफ्ट कार्ड कसं वाचायचं?

खाडीकाठ:
पणजोबांचे धाकटे भाऊ धोंडू जैतापूरहून मुंबईला गेले, आगबोटीवर लागले, न्यूयॉर्कला उतरले ते परत आलेच नाहीत. "पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून लढला हो तो," असं आजी अगदी ठासून सांगायची. पुरावा काय, तर एक फोटो. टोपी, बटणांच्या दोन रांगांचा कोट, आणि फोटोवाल्याने धमकावल्यासारखा चेहरा.

महिनाभर फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर डोळे फोडून एक ड्राफ्ट कार्ड, म्हणजे लष्करभरतीचं कार्ड, मिळालं. तारीख 12 सप्टेंबर 1918. नाव "डंडू रागो" (वडील राघो), वय 35, काम "फायरमन". मी दोन दिवस त्यांना बंबवाला समजत होते, निघाले आगबोटीच्या बॉयलरवरचे! वंशाच्या रकान्यात "ओरिएंटल"वरची खूण खोडून "इंडियन"वर केलीय. जवळचा नातेवाईक म्हणून आमच्या पणजोबांसारखं नाव, गाव "जेटापोर". सहीच्या जागी नुसतं वेटोळं.

तिकडच्या लष्करी दप्तराला विचारलं. फाइल सापडत नाही, 1973च्या आगीत गेली असू शकते, असं उत्तर आलं. म्हणजे ते फौजेत होते असंच धरायचं ना?

रेवा_जर्सी:
नका धरू. सेंट लुईसच्या दप्तरखान्यातल्या त्या आगीत 1912 ते 1960 या काळात सैन्यातून बाहेर पडलेल्यांच्या साधारण 80 टक्के फायली गेल्या, त्यामुळे त्या काळातलं कुणाचंही नाव विचारा, हेच उत्तर येऊ शकतं. जळालेली फाइल आणि कधी नसलेलीच फाइल यात त्यांना फरक कळणार कसा?

आणि कार्ड म्हणजे भरती नव्हे, नोंदणी. परदेशी नागरिकांनाही ती सक्तीची होती. अशी सुमारे 2 कोटी 40 लाख कार्डं आहेत. जून 1917 ला 21 ते 30 वयाचे, पुढच्या जूनमध्ये नव्याने 21 झालेले, आणि सप्टेंबर 1918 ला 18 ते 45 मधले उरलेले. तुमचे चुलत पणजोबा या शेवटच्या खेपेतले. 11 नोव्हेंबरला युद्धच थांबलं. दोन महिन्यांत पस्तिशीच्या खलाशाला बोलावणार कधी, शिकवणार कधी आणि फ्रान्सला धाडणार कधी?

"इंडियन" म्हणजे तिथे अमेरिकेचे मूळ रहिवासी. "मी इंडियन" असं ते सांगत राहिले असतील आणि कारकुनाने कंटाळून खूण बदलली असेल. सप्टेंबरच्या कार्डावर जन्मगाव विचारतच नाहीत, तेव्हा नातेवाईकाचा पत्ता हाच धागा. तो सोडू नका.

मोडीवाचक:
ताई, वेटोळं इथे टाका. 1918 साली शिकलेला मराठी माणूस सही मोडीतच करणार.

निवृत्त_हवालदार:
फोटोतली बटणं भिंगाखाली धरा. नांगर दिसला तर तो बोटीवरचा गणवेश. आमच्याकडेही एका काकांना घरच्यांनी "मेजर" करून ठेवलं होतं, निघाले कँटीनमध्ये.

खरोखर फौजेत असते तर नागरिकत्वाच्या कागदांत खूण मिळाली असती. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंड अमेरिकन सैन्यात होते, तरी 1923 साली सुप्रीम कोर्टाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. 1935 च्या कायद्याने अशा जुन्या सैनिकांना दार उघडलं, म्हणून 1935 नंतरचे अर्ज बघा.

खाडीकाठ:
सहीचा फोटो टाकलाय. बटणांवर नांगरच आहे. आजी असती तर भिंगाचाच दोष काढला असता.

मोडीवाचक:
"धोंडू राघो". 'ध'चा फाटा झोकात काढलाय, हात लिहिता होता. पोर्टलवर नाव चुकलं कारण कारकुनाने कानाने लिहिलं. सही त्यांची स्वतःची आहे.

रेवा_जर्सी:
आता 1942 चं कार्ड शोधा. एप्रिलमध्ये 45 ते 64 वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली होती, लोक तिला "म्हाताऱ्यांचा ड्राफ्ट" म्हणतात. त्यावर जन्मगाव असतं, आणि "तुमचा पत्ता कायम ठाऊक असेल अशी व्यक्ती" हा रकाना. दक्षिणेकडच्या काही राज्यांची कार्डं नष्ट झालीत, न्यूयॉर्कची आहेत.

खाडीकाठ:
सापडलं! रात्री दीड वाजता, "रागो, डॅन" या नावाखाली. जन्म 1883, बॉम्बे, इंडिया. मागच्या बाजूला उंची पाच फूट चार, डाव्या हातावर भाजल्याचा व्रण. बॉयलरचाच असणार.

पत्ता ठाऊक असलेल्या माणसाच्या रकान्यात या खेपेला पणजोबा नाहीत. त्याच इमारतीतल्या कुणा शेजाऱ्याचं नाव आहे. पणजोबा 1931 साली गेले. म्हणजे ती बातमी तिथवर पोचली होती? घरातून कुणीतरी पत्र लिहिलं असणार, आणि त्याबद्दल आम्हाला कुणी अवाक्षर सांगितलं नाही. की तोवर पत्रंच बंद झाली होती? आत्याला उद्या विचारते, ती काही दडवत असली की लगेच चहा टाकायला उठते.

सही इंग्रजीत आहे. सुटी सुटी अक्षरं, शाळेतल्या पोराने काढावीत तशी.