मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये बेनिफिटच्या (सरकारी भत्त्याच्या) खटल्यात शिक्षा झालेल्या जाऊबाईंना पुढचा मार्ग कसा काढता येईल?

नमस्कार. हा धागा मी माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी, त्यांच्या संमतीने काढत आहे. त्या स्वतः उत्तम मराठी लिहितात, पण या विषयावर लिहायला बसल्या की त्यांचा हात चालत नाही. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. शहराचे नाव मुद्दाम देत नाही आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही कोणाची ओळख पटेल असे काही लिहू नये, ही विनंती.

सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांचे उठवणे-बसवणे, आंघोळ, औषधे असे सगळे जाऊबाईंनीच केले. एखाद्याची अशी काळजी आठवड्याला किमान ३५ तास घेणाऱ्याला येथे केअरर्स अलाउन्स मिळतो, तसा तो त्यांना मिळत होता. पुढे भाऊजींची नोकरी गेली आणि जाऊबाईंनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचे काम धरले. या भत्त्याला कमाईची मर्यादा असते. २०२३-२४ साली ती आठवड्याला १३९ पौंड होती, आणि त्याहून एक पौंड जरी जास्त मिळाला तरी भत्ता त्या प्रमाणात कमी होत नसे, तर त्या आठवड्याचे ७६.७५ पौंड सगळेच्या सगळे जात. कोणी सहकारी रजेवर गेली की यांच्या वाट्याला जादा तास येत, आणि ते नाकारण्याची घरची परिस्थिती नव्हती. काम धरल्याचे त्यांनी संबंधित खात्याला कळवले नाही. हा गुन्हा त्यांनी कोर्टात कबूल केला आहे आणि मी त्याचे समर्थन करण्यासाठी लिहीत नाही.

चौकशीच्या दिवशी टेबलावर ध्वनिमुद्रण यंत्र होते, आणि शेजारी जाऊबाईंच्या पगारपत्रकांचा गठ्ठा, ज्यातल्या एकेका रकमेवर पिवळी रेघ ओढलेली होती. वकील सोबत आणता येईल असे पत्रात लिहिले होते, परंतु वकील नेला तर आपण आधीच दोषी ठरू, असे भाऊजींचे म्हणणे पडले आणि जाऊबाई एकट्याच गेल्या. अखेर आठ हजार पौंडांच्या आसपासची वसुली निघाली आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाने बारा महिन्यांची कम्युनिटी ऑर्डर (तुरुंगाऐवजी बाहेर राहून भोगायची शिक्षा) व तीत ऐंशी तासांचे विनावेतन काम, अशी शिक्षा दिली. ते तास त्यांनी एका धर्मादाय दुकानाच्या मागच्या खोलीत जुने कपडे निवडण्यात आणि त्यांना इस्त्री करण्यात पूर्ण केले. ऑर्डरचे काही महिने मात्र अजून शिल्लक आहेत.

कोर्टाने दिलेली शिक्षा त्या मुकाट्याने भोगत आहेत. कोर्टाबाहेर जे सुरू झाले त्याला काही मुदतच दिसत नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. स्थानिक वर्तमानपत्रात नावासह बातमी आली, तिचा दुवा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला, आणि ज्या घरांत त्यांनी वर्षानुवर्षे मोदक वळून दिले त्या घरांतून हळदीकुंकवाचे बोलावणे येईनासे झाले. शाळेचे काम सुटले. सासूबाईंना यातले काहीच सांगितलेले नाही, त्यामुळे “आज कामावर नाही गेलीस?” या त्यांच्या प्रश्नाला रोज नवे उत्तर शोधावे लागते. काळजी घेण्याचे काम मात्र कालही त्याच करत होत्या आणि आजही त्याच करत आहेत.

आम्हांला मुख्यतः पुढच्या नोकरीबद्दल विचारायचे आहे: अर्ज करताना ही शिक्षा किती काळ सांगावी लागेल? त्यांच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना आहे, नागरिकत्वाचा अर्ज करायचा राहिला होता. तो आता करावा का? वसुलीची रक्कम बरोबर आहे की नाही, हे आम्ही कधी तपासलेच नाही. तेही आता करता येईल का?

प्रतिसाद

ताई, मी वकील नाही, पण येथील एका सल्लाकेंद्रात स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लोक नेमका तोच सोडून देतात. शिक्षा आणि वसुलीची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केअरर्स अलाउन्ससाठी कमाई मोजताना आयकर व नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) पूर्ण, आणि पेन्शनमध्ये भरलेल्या रकमेचा अर्धा भाग वजा करावा लागतो. त्या कामावर असताना सासूबाईंजवळ पैसे देऊन कोणी बसवले असेल आणि ती व्यक्ती जवळची नातेवाईक नसेल, तर तो खर्चही काही मर्यादेत वजा होतो. जादा तासांमुळे कमाई कमीजास्त होत असेल तर सरासरी काढण्याचा प्रश्न येतो. सरकारने नेमलेल्या लिझ सेस यांनी या भत्त्याच्या वसुलीचा स्वतंत्र आढावा घेतला आणि त्यानंतर, २०२५ च्या अखेरीस, सरासरीबाबतची जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्याचे सरकारने जाहीर केले. म्हणून प्रत्येक आठवड्याचा हिशेब मागवा. फेरविचाराची मागणी साधारणपणे एका महिन्यात करायची असते, परंतु सबळ कारण दिले तर तेरा महिन्यांपर्यंतही ती स्वीकारली जाऊ शकते. मात्र गुन्हा कबूल केलेला असल्याने, काहीही लिहून पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

आता नोकरी. १९७४ च्या पुनर्वसन कायद्यात ऑक्टोबर २०२३ पासून बदल झाला आहे. कम्युनिटी ऑर्डर ज्या दिवशी संपते त्या दिवसापासून ती शिक्षा ‘स्पेंट’, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मागे पडलेली, मानली जाते. त्यानंतर साध्या डीबीएस तपासणीत (नोकरीआधी होणाऱ्या गुन्हे-नोंदींच्या तपासणीत) ती दिसत नाही, आणि दुकान, कारखाना, कार्यालय अशा बहुतेक ठिकाणी ती सांगण्याचे बंधन राहत नाही. घराचा विमा काढतानाही हाच नियम आहे. शाळेतल्या किंवा वृद्धसेवेतल्या कामासाठी वरच्या दर्जाची तपासणी होते, तीत ती अजून बरीच वर्षे दिसेल, म्हणून सध्या तो रस्ता बाजूला ठेवलेला बरा. नागरिकत्वाच्या अर्जाला मात्र ‘स्पेंट’ची सवलत लागूच होत नाही. तेथे सर्व शिक्षा लिहाव्याच लागतात, आणि लपवलेली शिक्षा मूळ शिक्षेपेक्षा जास्त नुकसान करते. घाई करू नका, आणि इमिग्रेशनचा नोंदणीकृत सल्लागार गाठल्याशिवाय अर्ज भरू नका.

बातमीसंबंधी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. शिक्षा ‘स्पेंट’ झाल्यावर नावाने शोधताना तो दुवा दिसू नये अशी विनंती गूगलला करता येते. २०१८ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात अर्जदाराच्या बाजूने निकाल दिला होता. विनंती मान्य होईलच असे नाही, पण ती करण्याचा हक्क आहे. ‘अनलॉक’ ही संस्था शिक्षा झालेल्यांना याबाबत विनामूल्य मार्गदर्शन करते. वसुलीचा हप्ता झेपत नसेल तर घरखर्चाचा तपशील देऊन तो कमी करून मागता येतो. न बोलता थकवलात तर सरकारी खाते कोर्टात न जाताही थेट पगारातून कापून घेऊ शकते.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद जाऊबाईंना वाचून दाखवला. पेन्शनची अर्धी रक्कम वजा होते हे आम्हांला कोणीच सांगितले नव्हते, आणि त्यांच्या पगारातून ती दरमहा कापली जात होती. पगारपत्रके शोधून वर्षवार लावायला घेतली आहेत. दिवसा घरी असताना सासूबाईंना सोडून त्यांना फार वेळ बाहेर पडता येत नाही, तेव्हा दूरध्वनीवरून मराठीत किंवा हिंदीत सल्ला देणारे, बेनिफिटच्या प्रकरणांचा अनुभव असलेले वकील कोणाच्या माहितीत असतील, तर कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे.