स्प्लेंडर: सकाळी निळा धूर, व्हॉल्व्ह सील घरी बदलता येतील का?

रानवाट
जुनी कार्ब्युरेटरवाली स्प्लेंडर प्लस आहे. रात्रभर उभी राहिली की पहिल्या किकला निळा धूर, मिनिटभरात बंद. घाट उतरताना थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की परत भपका. चढाला धूर नाही. गॅरेजवाले थेट रिंग-पिस्टन सांगताहेत. प्लगच्या भोकातून दोरी भरून, हेड न उतरवता सील बदलतात म्हणे. जमेल का?

किकपेडल
लक्षणं सीलचीच, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर बसून ऑइल अडवणाऱ्या टोपीची. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) ऑइल आत खेचलं जातं. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर चढालाच धूर जास्त आला असता, ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतूनही फुंकर जाणवली असती. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगमधून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर दोष रिंगकडे. मात्र या गाडीचा सिलिंडर जवळपास आडवा, ऑइल खालच्या बाजूलाच साचतं, तेव्हा या चाचणीवर फार विसंबू नका.

दोरीचा नाद सोडा, ती कारच्या इंजिनांची युक्ती. इथे हेड उतरवणं सोपं, आणि कार्बन व गाइड दोन्ही नजरेखाली येतात.

टॅपेट_गेज
सामान: दोन सील, हेड गॅस्केट, ओ-रिंग, लहान स्प्रिंग कॉम्प्रेसर, नवं ऑइल.

मॅग्नेटवरची T खूण (पिस्टन वरच्या टोकाला असल्याची) जुळवा. कॅम स्प्रॉकेटवरची खूण हेडच्या खाचेसमोर आली पाहिजे. उघडण्याआधी फोटो काढा. स्प्रॉकेट सुटलं की ते फिरवणारी कॅम चेन तारेने बांधा, आत पडली की अर्धा दिवस गेला. हेडचे नट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. तांब्याचा वॉशर कोणत्या नटखाली होता ते लिहून ठेवा. तिथून ऑइलची वाट जाते; साधा वॉशर घातला तर तिथूनच गळती.

जुनं सील पक्कडीने पिळत उपटा. नवं बसवण्याआधी खालची स्प्रिंग सीट (स्प्रिंग टेकते ती चकती) घाला. हीच हमखास विसरते, आणि मग नवंकोरं सील उपटून फेकावं लागतं. सीलला ऑइल लावून बरोबर मापाच्या सॉकेटने हाताने दाबा, हातोडी नको. व्हॉल्व्हच्या दांडीवरची लॉकची (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्यांची) खाच धारदार असते, तीच सीलचा ओठ कापते. त्यावर पातळ टेप गुंडाळून व्हॉल्व्ह आत सरकवा, मग टेप काढा. स्प्रिंगचे दाट वेढे हेडकडे.

रानवाट
कॉम्प्रेसर नाही. सॉकेट ठेवून ठोकलं तर लॉक निघतात ना?

टॅपेट_गेज
निघतात, आणि उडून हरवतातही. बसवताना तर ठोकून भागत नाहीच. कॉम्प्रेसर मागून आणा.

किकपेडल
गाइड न तपासता सील घालू नका. व्हॉल्व्ह सीटवरून (तो बंद होताना टेकतो ते कडं) थोडा उचलून आडवा हलवा. स्पष्ट खडखड जाणवली तर गाइड झिजलंय. नवं सील काही महिन्यांत पुन्हा गळेल. गाइड बदलणं मशीन शॉपचं काम, नंतर सीटही कापून घ्यावी लागते.

गाइड ठीक असेल तर व्हॉल्व्ह पेस्टने हलके घासून घ्या, पेस्ट पूर्ण धुवा. व्हॉल्व्ह, स्प्रिंग बसवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओता. पाचेक मिनिटांत पाझरलं तर पुन्हा घासा. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. टॅपेटची फट इंजिन थंड असतानाच लावा. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो सायलेन्सरमधल्या जुन्या ऑइलचा. लगेच पुन्हा हेड खोलायला धावू नका.