महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या फियाटची बॅटरी कशी राखावी?

वडिलांची फियाट (पुणे)

नमस्कार. माझ्या वडिलांनी घेतलेली १९७३ सालची फियाट ११०० मी आजही सांभाळून आहे. पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंदणी व्हिंटेज वाहन म्हणून करून घेतली. २०२१ च्या नियमांनुसार अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशाच कारणांसाठी ती बाहेर निघते. त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस ती आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये कापडी आच्छादनाखाली उभी असते. तेथे विजेचा पॉइंट नाही आणि सोसायटी तो देण्यास तयार नाही.

गेल्या पाच वर्षांत माझ्या तीन बॅटऱ्या गेल्या. तिन्ही ३५ अँपिअर-तासांच्या (म्हणजे साधारण एक अँपिअर प्रवाह ३५ तास देण्याच्या क्षमतेच्या), पाणी घालण्याच्या साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. निष्काळजीपणा मी केलेला नाही. दर रविवारी न चुकता आच्छादन काढून इंजिन दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत सहा आठवडे परगावी जाऊन आलो, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर ११.९ व्होल्ट दिसले आणि स्टार्टरने नुसता खट् असा आवाज केला. बॅटरीवाले म्हणतात की गाडी रोज चालू करा. शेजारचे एक काका म्हणतात की बॅटरी काढून लाकडी फळीवर ठेवा, फरशीवर ठेवली तर ती उतरते. परदेशी लेखांत संपूर्ण हिवाळाभर चार्जर जोडून ठेवण्याचा सल्ला असतो. यांपैकी आपल्या हवेत आणि माझ्या अडचणीत काय लागू पडते, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. गाडीत मूळचा डायनॅमोच (इंजिनावर फिरणारे जुन्या धाटणीचे वीजजनित्र) आहे, अल्टरनेटर बसवलेला नाही.

हायड्रोमीटर (नाशिक)

आपली कळकळ प्रश्नातून दिसते, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो की रविवारची ती दहा मिनिटेच आपल्या बॅटरीला खात आहेत.

हिशेब करून पाहा. स्टार्टर पाच सेकंद फिरला आणि त्याने सरासरी दीडशे अँपिअर घेतले, असे धरले तरी खर्च सुमारे ०.२ अँपिअर-तास होतो, म्हणजे तो फारसा नाही. त्यानंतर मात्र इंजिन जागेवर मंद गतीने चालत असते. त्या गतीला डायनॅमोचा दाब (व्होल्टेज) बॅटरीच्या दाबापर्यंत पोहोचतच नाही, कटआउटचे (डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या आपोआप स्विचचे) संपर्क जुळत नाहीत आणि डॅशबोर्डवरील लाल दिवा लागलेला राहतो. तो दिवा लागलेला असताना बॅटरीत काहीही जमा होत नाही. उलट इग्निशन कॉइल तीन-साडेतीन अँपिअर बॅटरीतूनच घेत असते. दहा मिनिटांचे आणखी अर्धा अँपिअर-तास गेले. म्हणजे दर रविवारी पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास आपण काढून घेतो आणि भरत काहीच नाही. महिन्याला तीन अँपिअर-तास, म्हणजे ३५ च्या बॅटरीचा जवळजवळ दहावा हिस्सा, केवळ काळजीपोटी खर्च होतो. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्याने जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते, ते वेगळेच. ही सवय आजपासून बंद करावी.

आता मूळ रोगाकडे वळतो. लेड-ॲसिड बॅटरी उतरत जाते तसे तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असताना चार्जिंगने सहज परत विरघळते. पण बॅटरी अर्धवट उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्याचे बारीक कण वाढून टणक स्फटिक होतात आणि मग कितीही चार्ज केले तरी तेवढा भाग मेलेलाच राहतो. आपल्या तिन्ही बॅटऱ्या बहुधा याच रीतीने गेल्या असाव्यात. बॅटरी एकदा पूर्ण उतरल्याने जेवढी खराब होते, त्याहून कितीतरी अधिक ती सतत अर्ध्या पोटी राहिल्याने होते.

यात आपल्या उन्हाळ्याची भर पडते. बॅटरी आपसूक उतरण्याचा वेग दर दहा अंशांच्या वाढीला सुमारे दुप्पट होतो. परदेशी लेख थंडीत साठवलेल्या गाड्यांविषयी असतात. तेथे गारठा आपसूक उतरणे मंदावतो. आपल्याकडे मे महिन्यात, बंद आच्छादनाखाली, नेमके उलटे घडते. म्हणून त्या लेखांतील मुदती इथे धरून चालत नाहीत. त्यांतील 'तीन महिन्यांनी एकदा' हे आपल्यासाठी 'महिन्यातून एकदा' असे वाचावे.

आणखी एक गोष्ट पाहावी. दाराचा दिवा, गजर, रेडिओ असे काही गाडीत नंतर बसवलेले आहे का? बॅटरीची ऋण वायर सोडवून तिच्या आणि टोकाच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर लावा आणि सर्व काही बंद असताना किती प्रवाह वाहतो ते कळवा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, स्टार्टरच्या प्रवाहाने मीटरचा फ्यूज जाईल.

रत्नागिरीकर

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझा अनुभव पावसाळ्याचा आहे, तो जोडतो.

आमच्याकडे जूनपासून चार महिने गाडी बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्वी मी बॅटरी गाडीतच ठेवत असे. ऑगस्टपर्यंत टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढलेली असे आणि बॅटरीच्या माथ्यावर कायम ओल असे. त्या ओलीत आम्लाचा अंश असतो. धन टोकापासून ऋण टोकापर्यंत तिचा थर पसरला की त्यातून हळूहळू वीज वाहत राहते. फरशीवर बॅटरी उतरते या समजुतीमागे मला वाटते हेच असावे. जुन्या काळच्या रबरी किंवा लाकडी पेट्यांतून ओल झिरपत असे, तेव्हा त्या बोलण्यात तथ्य होते. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला फरशी काही करीत नाही. तरीही काकांची फळी अवश्य वापरावी, कारण सांडलेल्या आम्लाने फरशीवर पडलेला डाग कशानेही जात नाही.

आता मी जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅटरी काढून घरात आणतो. झाकणे घट्ट लावून माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसतो, ते पाणी एकही थेंब आत जाणार नाही अशी दक्षता घेतो, कोरड्या फडक्याने टिपतो आणि टोकांना व्हॅसलीन लावतो. ठेवतो ती पडवीत, जेथे वारा खेळता असतो. चार्जिंगच्या शेवटी शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेले की ठिणगी पुरते. म्हणून बंद खोलीत, स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ, जेथे समई किंवा उदबत्ती लागते, तेथे बॅटरी कधीही चार्ज करू नये.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची तीच होणार नाही. पहिल्या वर्षी मी एक स्वस्त, जुन्या धाटणीचा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आणला आणि सतत लावून ठेवला तर बरे, अशा समजुतीने तीन आठवडे तो काढलाच नाही. आमच्याकडे वीज अधूनमधून जाते, त्यामुळे बरेच दिवस काही वावगे दिसले नाही. नंतर झाकण उघडले तर पाणी पट्ट्यांच्या खाली गेले होते आणि पट्ट्यांचे वरचे टोक कोरडे पडले होते. त्या चार्जरला दाबावर नियंत्रण नव्हते. बॅटरी भरल्यावरही तो तिला उकळतच राहिला. ती बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

वडिलांची फियाट (पुणे)

आपणा दोघांचे मनापासून आभार. मोजून पाहिले. सर्व काही बंद असताना २० मिलिअँपिअर प्रवाह वाहत होता. रेडिओचा फ्यूज काढताच तो शून्यावर आला. सहा आठवड्यांचे बेचाळीस दिवस धरले तर वीस अँपिअर-तास होतात, म्हणजे अर्ध्याहून अधिक बॅटरी निव्वळ रेडिओच्या स्मृतीने खाल्ली. हा रेडिओ मीच चार वर्षांपूर्वी बसवून घेतला होता. आता ऋण टोकावर कट-ऑफ स्विच बसवावा की बॅटरी घरीच आणावी? चार्जर कोणता घ्यावा, हेही सांगावे.

टोरांटोहून

थंड प्रदेशाचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात लिहितो. माझी जुनी गाडी येथे नोव्हेंबर ते एप्रिल बंद असते. येथील भीती वेगळी आहे: पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे पन्नास अंशांनाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरलेले असते, ते उणे दहाच्या आसपास गोठते आणि पेटी फुटते. आमच्याकडे चार्जर कायम जोडून ठेवण्यावर भर असतो त्याचे हे एक मोठे कारण आहे. पुण्यात ते कारण नाही, तेव्हा पार्किंगमध्ये विजेचा पॉइंट नाही याची खंत बाळगू नये.

हायड्रोमीटर (नाशिक)

कट-ऑफ स्विच जरूर बसवा. त्याने रेडिओची गळती थांबेल आणि उंदराने वायर कुरतडली तरी आगीचा धोका राहणार नाही. मात्र बॅटरी आतल्या आत उतरते, ती स्विचने थांबत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी घरी आणून पूर्ण चार्ज करणे हाच आपल्यासाठी खरा मार्ग आहे. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते, पट्ट्याने उचलली तर जिना चढता येतो. काढताना आधी ऋण टोक, मग धन. बसवताना आधी धन, शेवटी ऋण. आपल्या फियाटमध्ये ऋण टोक बॉडीला जोडलेले असते म्हणून हा क्रम आहे. हा धागा वाचणाऱ्या ज्या सदस्यांकडे जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत त्यांनी आधी तपासून पाहावे, कारण त्यांपैकी अनेकींत धन टोक बॉडीला असते आणि तेथे क्रम उलटा होतो. सहा व्होल्टच्या जुन्या जीप आणि बीटल यांना बारा व्होल्टचा चार्जर लावायचा नाही, हेही येथेच नोंदवतो.

चार्जर तीन-चार अँपिअरचा, आपोआप टप्पे बदलणारा घ्यावा. पहिल्या टप्प्यात तो ठरावीक प्रवाह देतो, दुसऱ्यात दाब १४.४ व्होल्टच्या आसपास धरून प्रवाह कमी होऊ देतो आणि शेवटी साडेतेरा व्होल्टच्या जवळ उतरून नुसती राखण करतो. शक्य असल्यास तापमानानुसार दाब बदलणारा पाहावा, कारण पंचवीस अंशांना योग्य असलेला दाब पस्तीस अंशांना सुमारे ०.२ व्होल्टने कमी असावा लागतो. बॅटरी रात्रभर लावावी, घाई करू नये. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि गाडी तासभर फिरवून तो भरत नाही. गाडी फिरवावी ती टायर, ब्रेक आणि ऑइल यांच्यासाठी. पाणी केवळ डिस्टिल्ड आणि शक्यतो चार्जिंगनंतर घालावे. आधी पट्ट्या झाकण्यापुरतेच घालावे, नाहीतर आम्ल उतू येते.

व्होल्टमीटरवर मात्र एकट्यावर विसंबू नका. परदेशी तक्त्यांत पूर्ण भरलेल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट लिहिलेले असतात. उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या बॅटरीत आम्ल मुद्दाम थोडे सौम्य, १.२४० घनतेच्या आसपासचे असते. घनतेत ०.८४ मिळवले की एका घराचा (सेलचा) दाब येतो. म्हणजे सहा घरांचे जेमतेम साडेबारा व्होल्ट. तक्ता पाहून अशी बॅटरी अपुरी भरली आहे असे वाटते आणि माणूस तिला उगाच उकळत बसतो. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर स्वस्त मिळतो. चार्ज केल्यावर काही तास थांबून सहाही घरांची घनता मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा.

वडिलांची फियाट (पुणे)

चार्जर आणला, चौदा तास लावला, रात्रभर थांबून सकाळी मोजले. पाच घरांत १.२३५ ते १.२४० आहे, धन टोकाकडून तिसऱ्या घरात मात्र १.१७५ दिसते. त्या घरात थोडे आम्ल घालावे का?

हायड्रोमीटर (नाशिक)

आम्ल मुळीच घालू नये. त्या घरातील आम्ल कमी झालेले नाही, ते सल्फेटच्या रूपाने पट्ट्यांत अडकले आहे; वरून आम्ल घातले तर आकडा सुधारेल आणि पट्ट्या लवकर गळतील. दीड-दोन अँपिअरवर आणखी एक दिवस चार्ज करावे, दर काही तासांनी पेटीला हात लावून पाहावा आणि ती फार गरम लागली तर थांबावे. त्यानंतरही ते घर इतरांपेक्षा ०.०५० हून अधिक मागे राहिले तर ही बॅटरी गेली असे समजून जुनी दुकानात परत देऊन नवी घ्यावी. नवी आणाल त्या दिवशी गाडीत बसवण्यापूर्वीच तिला एकदा रात्रभर चार्जर लावा. दुकानात ती किती महिने पडून होती ते आपल्याला ठाऊक नसते. वहीतील पहिली नोंद त्याच सकाळची असू द्या.