मदत हवी आहे: क्युव्हेटमध्ये ठिणगी, प्लेट कोरी
नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावात एमएस्सी बायोटेक करतोय. ई. कोलाय या जिवाणूत प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) घालायचंय, इलेक्ट्रोपोरेशननं, म्हणजे विजेचा झटका देऊन. 1 मिमी फटीची क्युव्हेट (झटका द्यायची छोटी डबी), 1.8 किलोव्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरला 18 किलोव्होल्ट. पेशीपटलावर साधारण एक व्होल्ट पडला की छिद्रं उघडतात, पल्स फार लांबली तर ती मिटतच नाहीत, इथवर कळतं.

पण माझ्याकडे 'तट्ट' आवाज, निळी ठिणगी, नि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी, एकही वसाहत नाही. तीनदा झालं! पेशी गार पाण्यानं दोनदा धुतो (बर्फ मासळीबाजारातला, हसू नका), लिगेशन मिक्स (प्लास्मिडचे तुकडे जोडायचं मिश्रण) मात्र तसंच ओततो. ठिणगी पाडणारे क्षार तिथूनच येत असतील का? व्होल्टेज उतरवू, की आधी डीएनए शुद्ध करून घेऊ? दोनच क्युव्हेट उरल्यात.