शब्दचर्चा: ‘एक्सक्लूजनरी झोनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (टिळकवाडी): घरांच्या प्रश्नावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘अपवर्जक क्षेत्रविभाजन’ असं लिहिलं होतं, पण आईला वाचून दाखवलं तर तिला काही उमगलं नाही. झोनिंग म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय बांधायचं याचे नियम; संदर्भ अमेरिकेचा आहे. अमुक भागात एकरभराहून लहान प्लॉट नाही, एका प्लॉटवर एकच कुटुंब, चाळवजा इमारत तर नाहीच. गरिबानं येऊ नये असं मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. ‘मज्जाव’ चालेल?

उत्तर (खानापूर): ताई, मज्जाव उघड असतो. कुणी कुठल्या गल्लीत राहायचं हे कातडीच्या रंगावरून ठरवणारे नगरांचे नियम तिथं होते, तो खरा मज्जाव. ते त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं १९१७ साली अवैध ठरवले. १९२६ मध्ये त्याच न्यायालयानं झोनिंग मात्र मान्य केलं, आणि पुढं माणसं दूर ठेवायचं काम प्लॉटच्या मापानं होत राहिलं.

मी ‘अडसर’ सुचवेन. आमच्या जुन्या घराच्या दाराला अजून आहे. मनगटाएवढं सागवानी लाकूड, दिवसा भिंतीच्या पोकळीत सरकवलेलं, रात्री ओढून दारामागं आडवं. आडकाठी कुणीही, कुठूनही घालतं. अडसर आतूनच लागतो, आधी आत आलेल्यानं लावलेला. ‘झोनिंगचा अडसर’ लिहा. झोन शब्द राहू द्या, आमच्याकडं शेतकरीही ‘ग्रीन झोन’च म्हणतो.

उत्तर (वडगाव): अडसर पटला. पण ‘एकच कुटुंब’ऐवजी ‘एकच बिऱ्हाड’ करा. आमच्या घरात खाली माग, वर आम्ही, मागच्या खोलीत भाडेकरूचं बिऱ्हाड. तो नियम इथं आला तर निम्मी गल्ली उठेल.

आणि बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टँपपेपरवरच्या करारावर, अर्धा गुंठा घेतलेल्यांचं काय? जमीन शेतीची, एन.ए. (बिगरशेती) नाही, नावावर उतारा नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. हाही अडसरच ना?

उत्तर (खानापूर): शेतजमिनीच्या त्या नियमाचा हेतू वेगळा आहे, पिकाऊ जमीन राखण्याचा, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण झळ बसते ती ज्याला मंजूर ले-आउटमधला प्लॉट परवडत नाही त्यालाच. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं माउंट लॉरेल गावाच्या झोनिंगवरच्या १९७५ च्या निकालात हेतूपेक्षा परिणामच पाहिला होता. त्या अर्थानं तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

प्रश्नकर्ती: ‘झोनिंगचा अडसर’ आणि ‘बिऱ्हाड’, दोन्ही घेते. पुढच्याच परिच्छेदात ‘इन्क्लूजनरी झोनिंग’ आलंय, म्हणजे बिल्डरनं काही घरं स्वस्तात द्यायची. त्याला ‘राखीव घरं’ म्हटलं तर आरक्षणाशी गल्लत होईल का?