शब्दचर्चा: मतदाराची 'पक्षनिष्ठा' की 'पक्षीय तादात्म्य'?

तर्जुमाकार
मतदारांच्या वर्तनावरील एका लेखाचा अनुवाद करताना 'पार्टी आयडेंटिफिकेशन' या संज्ञेपाशी मी अडलो आहे. मी सर्वत्र 'पक्षनिष्ठा' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'पक्षीय तादात्म्य' केले आणि समासात 'निष्ठा ही निराळी गोष्ट आहे' असा शेरा लिहिला. महाविद्यालयात आम्हाला 'पक्षनिष्ठा' हाच शब्द शिकवल्याचे मला स्पष्ट आठवते. ही संज्ञा रूढ केली ती मिशिगन विद्यापीठातील कॅम्पबेल, कॉन्व्हर्स, मिलर आणि स्टोक्स या संशोधकांनी, १९६० च्या सुमारास. त्यांचा प्रश्न साधारणपणे असा असे: 'एरवी आपण स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता, अपक्ष समजता, की आणखी काही?' जाणकारांनी मत द्यावे.

जुनी पाटी
संपादकांचे म्हणणे मला पटत नाही. निष्ठा म्हणजे नि अधिक स्था, अर्थात एखाद्या ठिकाणी पक्के उभे असणे; गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'द्विविधा निष्ठा' येते, तेथेही प्रतिज्ञेपेक्षा स्थितीचाच अर्थ अधिक आहे. ज्या मतदाराचा पक्ष वर्षानुवर्षे बदलत नाही, त्याच्यासाठी याहून नेमका शब्द कोणता असणार? 'तादात्म्य' हा वेदान्तातला शब्द आहे. भक्ताचे देवाशी होते ते तादात्म्य. मतदाराचे पक्षाशी तसे काही होत असेल, तर त्या लोकशाहीची काळजीच केलेली बरी.

वहिवाट
व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु आजच्या मराठीत 'निष्ठावंत' म्हटले की पडत्या काळातही साथ न सोडणारा कार्यकर्ता डोळ्यांसमोर येतो. या संज्ञेचा सारा उपयोगच मुळी असा आहे, की स्वतःला अमुक पक्षाचा समजणारा माणूस एखाद्या निवडणुकीत दुसरीकडे मत देऊ शकतो आणि तरीही त्या पक्षाचाच राहतो. अमेरिकेत १९५२ आणि १९५६ मध्ये स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांची संख्या अधिक असूनही रिपब्लिकन पक्षाचे आयझेनहॉवर निवडून आले, ते याच माणसांच्या मतांवर. त्यांना 'निष्ठावंत' म्हणावे, तर त्यांनी निष्ठा मोडली असे होईल. आणि प्रत्यक्षात त्यांना तसे मुळीच वाटत नव्हते.

माझ्या वडिलांचेच उदाहरण देतो. त्यांनी एकदा विरोधी उमेदवाराला मत दिले आणि घरी तसे उघडपणे सांगितले. पण त्यानंतरही 'आम्ही त्या पक्षाचे' हे त्यांचे वाक्य बदलले नाही. मराठीत हा अर्थ षष्ठीच्या 'चा, ची, चे' मध्ये आहे. 'तू कोणाला मत देणार?' आणि 'तू कोणाचा?' हे आपल्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मिशिगनच्या प्रश्नावलीतला प्रश्न हा दुसरा आहे.

तर्जुमाकार
हे फारच मार्मिक आहे, पण 'चा' प्रत्ययापासून मी नाम कसे तयार करू? 'पक्षाचेपणा' लिहिले, तर संपादक मलाच खोडतील.

आकडेमोड
शब्द ठरवण्यापूर्वी हे नाते कोठून येते, हे पाहणे उपयुक्त ठरेल. समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोमधील ईरी परगण्यात तेच ते मतदार मे ते नोव्हेंबर या काळात पुन्हा पुन्हा गाठले. प्रचाराने मने बदलतात, हे दिसावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात फारच थोड्यांनी पक्ष बदलला. आर्थिक स्तर, धर्म आणि शहरी किंवा ग्रामीण वस्ती एवढे ठाऊक असले, तरी बहुतेकांचा कल आधीच ओळखता येत होता. म्हणजे माणूस प्रथम एखाद्या समूहाचा असतो आणि त्या समूहामार्फत पक्षाचा होतो. ज्यांचे समूह त्यांना दोन दिशांना ओढत होते, त्यांनी निर्णय लांबणीवर टाकला किंवा निवडणुकीतला रसच सोडला. या स्थितीला पाठ्यपुस्तकी भाषेत 'परस्परविरोधी दबाव' म्हणतात. मी सरळ 'ओढाताण' म्हणेन.

उलट बाजूही सांगायला हवी. राज्यशास्त्रज्ञ फिओरिना यांनी १९८१ मध्ये असे मांडले, की पक्षाविषयीची ही भावना म्हणजे त्याच्या कारभाराचा मतदाराने मनात ठेवलेला हिशेब असतो आणि दर निवडणुकीत तो मागील पानावरून पुढे ओढला जातो. हे मान्य केले, तर 'निष्ठा' आणि 'तादात्म्य' हे दोन्ही शब्द गैरलागू ठरतात. आणि एक किरकोळ आक्षेप: मराठीत अपक्ष असतो तो उमेदवार. मतदाराला अपक्ष म्हणणे कानाला खटकते.

जुनी पाटी
त्याला 'कुंपणावरचा' म्हणतात की!

आकडेमोड
कुंपणावरचा मतदार शेवटी कोणत्या तरी बाजूला उतरतो. स्वतःला कोणत्याच पक्षाचा न समजणारा मतदार मतदानाच्या दिवशी ठाम असू शकतो. समूहांच्या व्होट बँकेबाहेरचा मतदार तो हाच.

शुद्धमती
'मतपेढी' हा सुबक शब्द उपलब्ध असताना 'व्होट बँक' कशासाठी? अशा आळसामुळेच मराठी शब्द मरतात.

वहिवाट
आळस नव्हे, रूढी आहे. बोलताना 'मतपेढी' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. खरा घोळ मात्र अर्थाचा आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडील एका खेड्याविषयी लिहिताना हा शब्द वापरला, तो गावातील मातब्बर मध्यस्थाला उद्देशून. आश्रितांची मते तो उमेदवाराला मिळवून देत असे. आज आपण तोच शब्द संपूर्ण जातीला किंवा धर्मसमूहाला लावतो. मध्यस्थ अदृश्य झाला आणि ज्यांच्या मतांचा व्यवहार होत होता, त्यांच्याच माथी तो शब्द मारला गेला.

शुद्धमती
मग 'पेढी' अधिकच समर्पक ठरते, कारण पेढीला सावकार असतो!

जुनी पाटी
दोन्ही शब्द बाजूला ठेवा. 'एकगठ्ठा मतदान' हा अस्सल मराठी शब्द आहे. गाठ, गठ्ठा आणि गट हे तिन्ही शब्द 'ग्रंथि'पासूनच आले असावेत, असे मला नेहमी वाटते. जो समूह एकत्र बांधलेला, तो गट.

आकडेमोड
'गाठ' ग्रंथीपासून आली हे खरे, 'गट' मात्र मला संशयास्पद वाटतो. शिवाय 'एकगठ्ठा' हा शब्द बेजबाबदारपणे वापरला जातो. मतदान गुप्त असते, त्यामुळे केंद्रनिहाय आकडे पाहून एखाद्या वस्तीतील अमुक समाजाने अमुक पक्षाला मते दिली असे म्हणणे, हा केवळ तर्क असतो. क्षेत्राच्या बेरजेवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिले होते.

जुनी पाटी
तर्क असो वा नसो, शब्द लोकांचा आहे. शिवाय उमेदवार आपल्या सभा त्याच तर्कावर आखतात.

तर्जुमाकार
मूळ शब्दाविषयी कोणी काही सुचवणार आहे का? मजकूर परवा छपाईला जायचा आहे.

शुद्धमती
'मतपेढी' वापरण्याबद्दल आपले काय मत आहे, तेही कळवावे.