‘सगळे झाले आहे’ म्हणणाऱ्या मुलांना काय आले नाही, हे त्यांना कसे कळावे?

प्रश्न : प्राध्यापिका, जीवशास्त्र, रत्नागिरी जिल्हा

आमच्याकडे प्रथम वर्ष बी.एस्सी.ला येणारी बहुतेक मुले आसपासच्या गावांतून एस.टी.ने येतात, आणि अभ्यास म्हणजे नोट्स पुन्हापुन्हा वाचणे अशी त्यांची पक्की समजूत असते. परीक्षेआधी विचारले, तर ‘मॅडम, सगळे झाले आहे’ असे मनापासून सांगतात. पण परासरणाची (पातळ पडद्यातून पाणी विरघळलेले पदार्थ, म्हणजे द्राव्ये, जास्त असलेल्या बाजूला जाते, त्याची) व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्यालाही मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या पेशीचे काय होईल, हे सांगता येत नाही. आपले कुठे अडते, हे ज्याचे त्याला कळावे यासाठी काय करावे? जादा तास काढणे शक्य नाही.

उत्तर : वनस्पतिशास्त्र, सिंधुदुर्ग

जादा तास नकोच, प्रॅक्टिकल पुरेसे आहे. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळ्या बाजूची पातळ साल स्लाइडवर घेतली, की मिठाचे द्रावण घालण्यापूर्वी प्रत्येकाने आता काय दिसेल याची आकृती काढावी आणि आपल्याला किती खात्री आहे, हे शंभरपैकी आकड्यात लिहावे. मग सूक्ष्मदर्शकातून पाहावे. जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आकसतो, भिंत मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते. बरीच मुले अख्खी पेशीच आक्रसलेली काढतात. ‘नव्वद’ लिहिणारा दोन्ही आकृत्या शेजारी ठेवतो, तेव्हा पेशीभित्तिका (बाहेरची ताठ भिंत) आणि प्रद्रव्यपटल (तिच्या आतला पातळ पडदा) यांची आपण गल्लत करत होतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. गल्लत कशी झाली, ते त्याने दोन ओळींत, हवे तर मालवणीत, लिहावे. पहिली आकृती खोडू देऊ नये आणि तिला गुणही देऊ नयेत. गुण ठेवले, की मुले शेजाऱ्याची वही पाहतात आणि सारे मुसळ केरात जाते.

उत्तर : शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालय, रायगड

वरील उपाय उत्तम आहे, पण एकदाच करून भागणार नाही. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि मुले त्यालाच ‘येणे’ समजतात. अमेरिकेत रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चारही सत्रांत वाचला, तर दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्केच आठवले आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील असा अधिक भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. म्हणून तासाची शेवटची पाच मिनिटे वही मिटवून आठवेल ते लिहायला लावावे, आणि पडताळणी मुलांनीच करावी.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. ऱ्हिओच्या प्रयोगानंतर खाडीतल्या तिवराचा प्रश्न घ्यावा, असे वाटते : खाऱ्या पाण्यात मुळे असूनही ते झाड कोमेजत का नाही? त्याच्या पानावर सुकलेले मीठ मुलांनी पाहिलेले असते. पण मुळांच्या पेशींतील द्राव्यांचे प्रमाण बाहेरच्या पाण्याहून अधिक राहते म्हणून पाणी आत येते, इथवर किती जण पोहोचतील? हे त्याच तासाला विचारावे का?

उत्तर : वनस्पतिशास्त्र, सिंधुदुर्ग

आठवड्याने विचारावे, आणि जर्नल उघडू न देता.